रोमन काळातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या गोष्टी वाचायच्या कशा

सुरुवात सिंहांपासून करू नका. कोलोसियम, भुयारात लपलेले लोक, हजारोंच्या संख्येने बळी, हे सगळं बाजूला ठेवा, आणि सुरुवात करा 17 जुलै 180 ला कार्थेजमध्ये (आजच्या ट्युनिशियात) झालेल्या एका सुनावणीपासून. जेमतेम पान-दीड पानाचा कागद आहे, दहा मिनिटांत वाचून होतो, जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात. गव्हर्नर आहे सातुर्निनुस आणि समोर स्किली नावाच्या कुठल्यातरी गावची साधी माणसं उभी आहेत, बायका आणि पुरुष मिळून बारा जण. चमत्कार एकही नाही, नुसते प्रश्न आणि उत्तरं. गव्हर्नर काही ओरडत नाही की धमकावत नाही, तो म्हणतो आमचाही धर्म साधाच आहे, सम्राटाच्या नावाने शपथ घ्या आणि घरी जा. स्पेरातुस नावाचा माणूस म्हणतो आम्ही कधी कोणाचं वाईट केलं नाही, चोरी केली नाही, काही विकत घेतलं तर मी त्यावरचा कर भरतो. दोनाता म्हणते सीझरला सीझर म्हणून मान देऊ, पण भीती फक्त देवाची. मग गव्हर्नर विचारतो तुमच्या त्या पेटीत काय आहे, आणि उत्तर येतं की पुस्तकं आहेत आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं आहेत. तो त्यांना विचार करायला 30 दिवस देऊ करतो, ते नको म्हणतात. शिक्षा वाचून दाखवली जाते, ते देवाचे आभार मानतात आणि त्यांची डोकी उडवली जातात. संपलं.

हा कागद पहिला का वाचायचा, तर पुढे जे काही वाचाल ते ह्याच्याशी ताडून बघता येतं. एकदा असं कोरडं, कोर्टाच्या भाषेतलं वाचलं की नंतरच्या काळात रचलेल्या कथांमधला फरक आपोआप कळायला लागतो, कारण तिथे गव्हर्नर राक्षसासारखा दात-ओठ खातो आणि हुतात्मा दोन-दोन पानांची भाषणं देतो. माझं ठाम मत आहे की कोरडा कागद जास्त हलवून सोडतो. तो कराचा उल्लेख बघा ना, मरण समोर आहे आणि माणूस सांगतोय मी टॅक्स भरतो.

आता हे वाचल्यावर पहिला प्रश्न डोक्यात येतो तो म्हणजे ह्यांचा गुन्हा काय होता? त्यासाठी दुसरा कागद घ्या, प्लिनी आणि सम्राट ट्रेजन यांची पत्रं, साधारण 112 सालची. प्लिनी तेव्हा काळ्या समुद्राच्या काठच्या बिथिनिया-पॉन्टस प्रांताचा गव्हर्नर होता (आजचं उत्तर तुर्कस्तान) आणि तो खरोखर गोंधळलेला आहे, ख्रिस्ती हे नाव असणं हाच गुन्हा की त्या नावाखाली केलेली कृत्यं हा गुन्हा, हे तो सम्राटाला विचारतो. त्याची पद्धत काय तर तीनदा विचारायचं तू ख्रिस्ती आहेस का, तिन्ही वेळा हो म्हणाला तर शिक्षा. जो नाही म्हणेल त्याने देवांचं नाव घ्यायचं, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि वाईन अर्पण करायची, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे आणि सुटायचं. खरं काय चालतं हे काढून घ्यायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, मंडळीत (म्हणजे गावच्या ख्रिस्ती लोकांच्या समूहात) त्यांना सेविका म्हणत असत, आणि हाती काय लागलं तर हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि साधं जेवण जेवतात. त्या दोघींची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत. हे पत्र वाचताना तिथे थांबाच, कारण आपल्याला ज्या हुतात्म्यांची नावं माहीत आहेत त्यांच्या मागे अशी किती बिननावाची माणसं असतील.

ट्रेजनचं उत्तर छोटं आहे आणि पाठ करून ठेवण्यासारखं आहे: त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कोणी समोर आणून सिद्ध केलं तर शिक्षा करा, आणि जो देवांची पूजा करून दाखवेल त्याला माफी. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या, पोलीस दारात येणार नाहीत पण शेजाऱ्याशी भांडण झालं, धंद्यात कोणाशी वाकडं आलं, गावात दुष्काळ पडला किंवा भूकंप झाला आणि लोकांना वाटलं देव कोपले, की कोणीही तुमचं नाव घेऊन गव्हर्नरकडे जाऊ शकतो. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका आठवड्यात सगळं होतं.

म्हणून पुढची पायरी: एक वही घ्या आणि तीन रकाने आखा, साल, गाव आणि हुकूम कोणाचा. हे कंटाळवाणं वाटेल पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. 64, रोम, नीरो, आग लागल्यावर स्वतःवरचा संशय दुसऱ्यावर ढकलायला (हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय, साधारण पन्नास वर्षांनी, आणि त्याला ख्रिस्ती लोक अजिबात आवडत नव्हते तरी बघणाऱ्यांना त्यांची दया आली असं तो म्हणतो). 177, ल्यों, फ्रान्स, आधी गावचा जमाव आणि मग गव्हर्नर. तिथे ब्लँडिना नावाची गुलाम मुलगी आहे आणि नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनुस आहे जो मारहाणीनंतर तुरुंगातच वारला. 180, कार्थेज, वर वाचलंच. 203 परत कार्थेज. वही भरत गेलात की दिसेल की तिसऱ्या रकान्यात सम्राटाचं नाव फार कमी वेळा येतं, आणि साम्राज्यभर सगळ्यांना लागू होणारा हुकूम पहिल्यांदा येतो तो थेट 250 च्या सुमारास डेसियसचा. मग 257-258 मध्ये वॅलेरियन, 260 मध्ये त्याचा मुलगा गॅलिएनस ते सगळं मागे घेतो, नंतर चाळीसेक वर्षं बऱ्यापैकी शांतता, आणि 303 ला डायोक्लीशियनचा सगळ्यात मोठा छळ. म्हणजे तीनशे वर्षं रोज सिंहांपुढे टाकत होते हे चूक. ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान, ज्याचा स्वतःचा बाप हुतात्मा होता, त्याने 248 च्या आसपास लिहिलंय की आत्तापर्यंत धर्मासाठी मेलेले लोक थोडे आहेत, सहज मोजता येतील इतके. पण त्यावरून काही विशेष झालंच नाही असं म्हणणारे पण मला पटत नाहीत, कारण ट्रेजनच्या त्या नियमाखाली दीडशे वर्षं जगणं म्हणजे काय हे आकड्यात येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाचन, पर्पेतुआ. इथे घाई करू नका, एक पूर्ण रविवार द्या. 7 मार्च 203, कार्थेज. विबिया पर्पेतुआ, बावीसेक वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची गुलाम बाई, आठ महिन्यांची गरोदर. अजून काही तरुण. अटक झाली तेव्हा त्यांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता, शिकत होते. ह्या पुस्तिकेची खासियत अशी की त्यात तीन आवाज आहेत: सुरुवात आणि शेवट कोणा संपादकाने लिहिलाय, प्रकरण 3 ते 10 ही पर्पेतुआची स्वतःची तुरुंगातली डायरी आहे, आणि 11 ते 13 त्यांच्यातल्याच सातुरुसने पाहिलेला दृष्टान्त. तर वाचायची पद्धत अशी की आधी फक्त 3 ते 10 वाचा. संपादकाची प्रस्तावना पहिल्यांदा अजिबात वाचू नका, ती ह्या मुलीला लगेच संत करून टाकते, आणि तुम्हाला आधी मुलगी भेटायला हवी.

काय लिहिते ती? तुरुंगात अंधार किती होता, उकाडा किती होता, शिपाई पैसे उकळत होते. बाळाची काळजी, बाळ भुकेने अर्धमेलं झालंय. मग बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळते आणि ती म्हणते तुरुंगच मला राजवाडा वाटायला लागला. वडील येतात, आणि हा भाग मला प्रत्येक वेळी जड जातो, म्हातारा माणूस तिच्या हातांचे मुके घेतो, पाया पडतो, माझ्या पांढऱ्या केसांची तरी दया कर म्हणतो, तुझ्या आईकडे बघ, तुझ्याशिवाय न जगू शकणाऱ्या मुलाकडे बघ म्हणतो. सुनावणीच्या वेळी तो परत तिला ओढायला बघतो तेव्हा प्रोक्युरेटर हिलारियानुस (तेव्हा गव्हर्नरच्या जागी काम बघणारा अधिकारी) त्याला काठीने मारायला लावतो, आणि ती लिहिते की मलाच मार बसल्यासारखं दुखलं. शेवटी वडील बाळ परत देत नाहीत, आणि ती टिपून ठेवते की देवाच्या इच्छेने बाळाला आता दूध नको झालं आणि माझी छातीही दुखली नाही. एवढी बारीक, बाईच्या अंगाची गोष्ट कोणी पुरुष लेखक नंतर बसून रचेल का, असा मुद्दा बरेच अभ्यासक मांडतात, काही जण शंकाही घेतात, मला स्वतःला डायरी तिचीच वाटते.

मग दुसऱ्या वाचनात स्वप्नं घ्या. काशाची उंच शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी आणि आकडे लावलेले, पायथ्याशी अजगर, आणि ती त्याच्याच डोक्यावर पाय ठेवून चढते. सातव्या वर्षी आजाराने गेलेला भाऊ दिनोक्रातेस तिला तहानलेला दिसतो, हौदापर्यंत हात पोचत नाही त्याचा, ती त्याच्यासाठी प्रार्थना करत राहते आणि नंतर तो पाणी पिऊन खेळताना दिसतो. ह्या स्वप्नांचा अर्थ लावायची घाई नको, नुसतं वाचा, ह्या मुलीच्या डोक्यात मरणाच्या आदल्या दिवसांत काय चाललं होतं ते दिसतं. आणि शेवटच्या प्रकरणांत संपादकाचा हात आहे हे लक्षात ठेवून 14 ते 21 वाचा. फेलिसितास तुरुंगात बाळंत होते, कळांनी ओरडते तेव्हा एक पहारेकरी म्हणतो आत्ताच रडतेस तर जनावरांपुढे काय करशील, ती म्हणते आत्ता मी भोगतेय ते माझं मी भोगतेय, तिथे माझ्यासाठी भोगणारा दुसरा कोणी माझ्यात असेल. मुलगी होते, मंडळीतली एक बाई तिला स्वतःची लेक म्हणून वाढवते. रिंगणात दोघींवर सोडतात ती गाय, सिंह नाही. आणि शेवटी नवशिक्या ग्लॅडिएटरचा हात थरथरतो तेव्हा पर्पेतुआ स्वतः त्याची तलवार आपल्या गळ्याशी नेते. हे शेवटचं डायरीत असणं शक्यच नाही, ते पाहणाऱ्याने लिहिलंय, एवढं पेन्सिलीने समासात लिहा आणि पुढे जा.

पेन्सिल पॉलिकार्पसाठीपण लागेल. स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर), साधारण 155-156, म्हातारा बिशप. हे मुळात स्मिर्नाच्या मंडळीने दुसऱ्या गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. इथे दोन खुणा ठरवा, एक जे डोळ्यांनी पाहता येईल त्याला आणि एक जे सांगणाऱ्याच्या श्रद्धेतून आलंय त्याला. पकडायला आलेल्या लोकांना तो जेवायला वाढायला सांगतो आणि प्रार्थनेला एक तास मागतो, ही पहिली खूण. 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाला शिव्या कशा देऊ, हे वाक्य तर मंडळीच्या तोंडी पाठ असणार. आग त्याच्याभोवती शिडासारखी फुगली आणि भाजणाऱ्या भाकरीसारखा वास आला, ही दुसरी खूण. आणि कबुतर उडालं ते? तिथे एक गंमत आहे, हेच पत्र इतिहासकार युसेबियसनेही उतरवून ठेवलंय आणि त्याच्या प्रतीत कबुतर नाही. म्हणजे दोन प्रती शेजारी ठेवल्या की नंतरची भर चक्क दिसते. पत्राच्या शेवटी नकलाकारांनी आपली नावंही लिहून ठेवलीत, कोणी कोणाच्या प्रतीवरून उतरवलं ते, ती ओळ लोक सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

त्याच पत्रात क्विंतुस नावाचा एक माणूस आहे, फ्रिगियाचा. तो स्वतःहून पुढे गेला, दुसऱ्यांनाही घेऊन गेला, आणि जनावरं बघितल्यावर घाबरला आणि धूप जाळून मोकळा झाला. पत्र म्हणतं, म्हणून स्वतःहून जाणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही. क्विंतुसला विसरू नका कारण आता जे सांगतोय ते मला ह्या सगळ्या विषयात सगळ्यात गरजेचं वाटतं, जे टिकले नाहीत त्यांचंही वाचा.

त्यासाठी इजिप्तमधले पपायरसचे तुकडे बघा, फोटो ऑनलाइन आहेत. डेसियसचा हुकूम होता की प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं. अशी चाळीसहून जास्त सर्टिफिकेटं वाळूत टिकून राहिली. एकावर लिहिलंय ऑरेलियस दियोगेनेस, वय 72, उजव्या भुवईवर व्रण, मी कायम देवांना बळी देत आलोय आणि आत्ता तुमच्यासमोर दिला आणि प्रसाद खाल्ला, तारीख 26 जून 250. आधार कार्डाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो दिसतो मला. तो ख्रिस्ती होता की नव्हता हे त्या कागदावरून कळत नाही, सर्टिफिकेट सगळ्यांनाच लागत होतं, एका मगरदेवाच्या पुजारणीनेसुद्धा घेतलंय. पण ख्रिस्ती लोकांनी खूप मोठ्या संख्येने बळी दिला, काहींनी पैसे चारून खोटं सर्टिफिकेट मिळवलं, आणि छळ थांबल्यावर ते रडत परत चर्चच्या दाराशी आले. ह्यांना घ्यायचं का, कधी घ्यायचं, कोण ठरवणार, ह्यावरून कार्थेज आणि रोममध्ये मंडळ्या फुटल्या. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः 250 मध्ये लपून बसला होता आणि त्याला लोकांनी त्यावरून बोल लावले, त्याची त्या काळातली पत्रं आहेत ती वाचा, आणि मग वाचा 14 सप्टेंबर 258, त्याच सिप्रियनचा शिरच्छेद. लपणारा आणि मान पुढे करणारा माणूस एकच, आठ वर्षांचं अंतर.

असाच अजून एक कागद, 19 मे 303, सिर्ता, म्हणजे आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन. डायोक्लीशियनच्या हुकुमाप्रमाणे नगराचे अधिकारी चर्चची झडती घेतात आणि पंचनामा करतात: 2 सोन्याचे प्याले, 6 चांदीचे प्याले, दिवे, आणि मग 82 बायकांचे अंगरखे, 38 ओढण्या, 16 पुरुषांचे अंगरखे, 13 जोड पुरुषांच्या चपला, 47 जोड बायकांच्या चपला. गरिबांना वाटायचे कपडे असावेत. अधिकारी ग्रंथ कुठे आहेत विचारतात, आणि चर्चमध्ये ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या एकेक वाचकाच्या घरी जाऊन पोथ्या गोळा करतात. बिशप तिथेच बसलाय आणि देऊ देतो. कोणी मरत नाही. ह्या यादीत मला त्या काळची मंडळी जितकी जिवंत दिसते तितकी दहा वीरकथांत दिसत नाही.

आता संतचरित्रं आणि सणांच्या गोष्टी कशा तपासायच्या. सतराव्या शतकापासून बोलांदिस्त नावाचे जेझुइट अभ्यासक हेच काम करतायत, त्यांचा साधा नियम असा की हुतात्म्याचा दिवस आणि दफनाची जागा जुन्या यादीत सापडली तर माणूस बहुधा खरा, गोष्ट मग कितीही रंगवलेली असो. गोव्यात पणजीच्या फोंटेन्हासमध्ये ज्याचं कपेल (छोटं चर्च) आहे तो संत सेबास्तियन घ्या. 354 च्या रोमन यादीत त्याचं नाव आहे, 20 जानेवारी, जागाही दिली आहे. बाणांची कथा मात्र पुढच्या शतकात लिहिलेली, आणि त्या कथेतही तो बाणांनी मरत नाही बरं का, आयरीन नावाची विधवा त्याला बरं करते आणि नंतर सोटे मारून त्याला मारतात. आता जुन्या गोव्याचं से कॅथीड्रल ज्या संत कॅथरीनच्या नावाने आहे ती घ्या (अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 ला गोवा घेतलं तो तिचा सण). तिचं नाव कुठल्याही जुन्या यादीत नाही, त्या काळच्या कोणाच्या लिखाणात नाही, 1969 ला रोमने तिचा सण सार्वत्रिक कॅलेंडरमधून काढला होता आणि 2002 ला परत घातला. तुम्ही तिची भक्ती करत असाल तर करा, ह्या नियमाने त्याला धक्का लागत नाही, फक्त पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवलं हे 305 सालचा इतिहास म्हणून फॉरवर्ड करू नका. हाच नियम आपल्याकडच्या नंतरच्या हुतात्म्यांनाही लावून बघा, 1321 ला ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन मठवासी, त्यांना सोपाऱ्यात पुरणाऱ्या जोर्दानुसचं पत्र आहे, किंवा 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेलेला वसईचा गोन्सालो गार्सिया. कागद सापडतात.

दोन गोष्टी लगेच खोडून टाका. रोमची कॅटॅकोम्ब, म्हणजे ती भुयारं, ही लपायची जागा नव्हती, ती स्मशानं होती, सगळ्यांना माहीत असलेली, तिथे लोक हुतात्म्याच्या थडग्याशी वर्षश्राद्धासारखे जमत. आणि कोलोसियममध्ये ख्रिस्ती मारले गेले असं सांगणारा भक्कम जुना पुरावा नाही, वर आलेली नावं बघा, कार्थेज, ल्यों, स्मिर्ना.

शेवटी युसेबियस घ्या, त्याच्या चर्च-इतिहासाचा आठवा भाग. शेवटी का, तर तो मोठा आहे आणि त्याची बाजू ठरलेली आहे, तो स्वतःच सांगतो की जे उपयोगाचं ते लिहीन आणि जे कोसळले त्यांच्याबद्दल लिहिणार नाही. आधी सर्टिफिकेटं आणि सिर्ता वाचलं असेल तर तुम्हाला ती रिकामी जागा भरता येईल. पण त्याला हलकं घेऊ नका, त्याचा गुरू पाम्फिलुस 310 मध्ये मारला गेला, आणि इजिप्तमध्ये एका दिवसात इतके लोक मारले की कुऱ्हाडीची धार गेली आणि मारेकरी आळीपाळीने काम करत होते हे तो 'मी स्वतः तिथे होतो' म्हणून सांगतो. त्याच भागात सम्राट गॅलेरियसचा 30 एप्रिल 311 चा हुकूम पूर्ण दिलाय, तो ओळ न् ओळ वाचा. छळाचा सगळ्यात कट्टर पुरस्कर्ता आजारी पडलाय, तो कबूल करतो की हे लोक वळले नाहीत, त्यांना परत जमायची परवानगी देतो आणि बदल्यात मागतो काय, तर त्यांनी आपल्या देवाकडे माझ्यासाठी प्रार्थना करावी. काही दिवसांत तो मेला. तिथे वही बंद केलीत तरी चालेल, आणि पुढे जायचं असेल तर सिर्ताच्या त्या पोथ्या देणाऱ्यांवरून आफ्रिकेत जे शंभर वर्षांचं भांडण पेटलं, दोनातिस्तांचं, ते घ्या, नवीन वही लागेल.